घरी बांधलेल्या विमानाचा पट्टा आणि त्याचा खुंटा

कोराडीहून मुंबईस निघालेला एखादा गृहस्थ सकाळी आपल्या मोटारीत बसतो, खांद्यावरून तिरपा उतरणारा पट्टा छातीवरून ओढून कमरेशी अडकवितो, औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या मागे टाकून सारे नागपूर शहर उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडतो, आणि सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर विमानात आपल्या जागी जाऊन बसला म्हणजे त्याच्या ध्यानात येते की, येथे आपल्या वाट्याला नुसता एक कमरपट्टा आलेला आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या मोटारीत छाती बांधून घ्यावयाची आणि ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानात ती मोकळी सोडावयाची, हा प्रकार वरवर पाहता उफराटा वाटतो. त्यातच दाराजवळच्या घडीच्या आसनावर बसलेली हवाई सुंदरी दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेताना दिसते, आणि पुढच्या कक्षातील वैमानिक तर कंबर, खांदे व मांड्यांमधून येणारा असे पाच पट्टे एकाच बकलात अडकवितात. विमान एक, वेग एक, आपत्ती ओढवलीच तर तीही सर्वांवर एकाच क्षणी; मग पट्टे तीन तऱ्हांचे का?

प्रवाशाला हा प्रश्न घटकाभर करमणुकीचा वाटेल, परंतु जो मनुष्य स्वतःच्या हातांनी विमान बांधावयास घेतो त्याला तो सोडविल्यावाचून गत्यंतर नसते. असा उद्योग महाराष्ट्रात घडलेला आहे. मुंबईच्या कांदिवलीत, चारकोपमधील राहत्या इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने वर्षानुवर्षे खपून सहा आसनांचे विमान उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी डोळे भरून पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दप्तरी त्याची व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी नोंद झाली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची उड्डाणे झाली. नागपूरच्या फ्लाइंग क्लबात शिकाऊ वैमानिक ज्या सेस्ना विमानांवर हात बसवितात, त्यांच्यात पट्टा कोणता, तो सांगाड्याला कोठे जोडावयाचा, बोल्ट किती जाडीचा, हा सर्व तपशील कारखान्याच्या अभियंत्यांनी ठरवून, मोडून पाहून आणि सरकारी दाखल्यानिशी ग्राहकाच्या हवाली केलेला असतो. गच्चीवर किंवा गॅरेजात विमान बांधणाऱ्याला हा सारा कारभार स्वतःच पाहावा लागतो.

अशा माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो पट्टा कोणता विकत घ्यावा हा. बाजारात शर्यतीच्या मोटारींचे भक्कम पट्टे मिळतात, मोडीत निघालेल्या विमानांचे जुने पट्टे मिळतात, मोटारीतील आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा तर कोपऱ्यावरच्या गॅरेजातही मिळतो, आणि प्रत्येकाचे गुण गाणारा कोणी ना कोणी भेटतोच. माझे म्हणणे असे की, ही निवड दुसऱ्या टोकाकडून करावयास हवी. पट्ट्याचे एक टोक माणसाच्या अंगाशी असते आणि दुसरे विमानाच्या सांगाड्याशी. ज्या ठिकाणी तो सांगाड्याला जखडला जातो त्या जागेला आपण येथे खुंटा म्हणू. खुंटा कोठे आहे आणि किती बळकट आहे याचा निर्णय झाला, म्हणजे पट्ट्याचा निर्णय बहुतांशी आपोआप होतो. आणि खुंटा चुकला, तर जगातील सर्वोत्तम पट्टाही माणसाला इजाच करतो.

सारा हिशेब थांबण्याच्या अंतराचा

धावत्या वस्तूला थांबविताना तिच्यावर तिच्या वजनाच्या किती पट जोर पडतो हे दोन गोष्टींवर ठरते: तिचा वेग किती होता, आणि ती किती अंतरात थांबली. लहान, हलके विमान उतरताना किंवा इंजिन बंद पडून शेतात टेकताना ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगात असते असे धरू. म्हणजे सेकंदास २२ मीटर. हे विमान घसरत घसरत, पंख व नाक मोडून घेत तीन मीटरांत थांबले, तर आत बसलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या आठपटीहून थोडा अधिक जोर येतो. एका मीटरात थांबले तर पंचवीसपट, आणि बांधावर किंवा दगडी भिंतीवर आदळून तीस सेंटिमीटरांत थांबले तर ऐंशीपटीच्याही वर. पंचाहत्तर किलो वजनाच्या मनुष्याला पंचवीसपटीच्या धक्क्यात धरून ठेवावयाचे, म्हणजे पट्ट्यांनी आणि खुंट्यांनी मिळून सुमारे १,९०० किलोंचा भार पेलावयाचा. वेगाचा परिणाम तर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच ताशी ३० किलोमीटर वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाचा जमिनीशी असलेला वेग ८० वरून ५० वर आला, तर धक्क्यात मुरवावयाची ऊर्जा चाळीस टक्क्यांपेक्षाही खाली येते. संकटातही वाऱ्याला सामोरे उतरावे असे प्रत्येक शिक्षक का बजावतो, त्याचे कारण या हिशेबात आहे.

माणसाचे शरीर किती धक्का सोसू शकते याविषयीचा जुना समज फार भित्रा होता. तो मोडून काढला अमेरिकी वायुदलातील वैद्य कर्नल जॉन पॉल स्टॅप यांनी, आणि तोही स्वतःचा देह पणास लावून. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर अग्निबाणांनी ढकलल्या जाणाऱ्या घसरगाडीवर बसून ते ताशी १,०१७ किलोमीटर वेगाला पोहोचले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले; त्या क्षणी त्यांच्या अंगावर वजनाच्या ४६ पटींहून अधिक जोर आला. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दृष्टी गेली, पण ते जगले, बरे झाले आणि पुढे दीर्घायुषी ठरले. त्यांना जागेवर घट्ट आवळून बांधलेले होते, आणि शरीर नीट बांधलेले असेल तर क्षणभराचा प्रचंड धक्काही मनुष्य सोसतो, हेच त्यांना दाखवावयाचे होते. अमेरिकेच्या नियमांत लहान विमानांची आसने व पट्टे यांनी समोरच्या दिशेने नऊपट भार पेलला पाहिजे अशी तरतूद फार दिवस होती. १९८८ पासून नव्या घाटाच्या लहान विमानांसाठी त्यात भर पडली, आणि पुतळा बसवून आसनाला २६ पटींपर्यंत पोहोचणारा प्रत्यक्ष झटका देऊन पाहण्याची चाचणी आली. घरी विमान बांधणाऱ्याला हे नियम कायद्याने लागू असोत वा नसोत, त्याने हिशेबासाठी हेच आकडे समोर ठेवावेत असे मला वाटते.

आता सैलपणाचा प्रश्न. पट्टा अंगाशी पाच सेंटिमीटर ढिला राहिला तर काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. विमानाला वीसपट धक्का बसत असताना माणूस ते पाच सेंटिमीटर मोकळाच पुढे जातो, आणि पट्ट्याला भिडतो तेव्हा त्याचा विमानाच्या तुलनेत वेग ताशी १६ किलोमीटर झालेला असतो. एक मीटर उंचीवरून पालथे पट्ट्यावर पडावे तितकाच हा आघात. शिवाय विमान मोडत असताना जो मौल्यवान वेळ आणि जे अंतर थांबण्यासाठी मिळाले होते, त्याचा काही भाग यात फुकट जातो. म्हणून पट्टा आवळून बांधणे हे पट्ट्याच्या मजबुतीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि जो पट्टा चालू उड्डाणात एका हाताने सहज आवळता येत नाही तो कितीही भक्कम असला तरी निवडीतून बाद करावा.

हाडाचा आधार

विमानात पट्टा आला तो अपघातात जीव वाचावा म्हणून नव्हे, विमानातून माणूस बाहेर पडू नये म्हणून. अमेरिकी सैन्यातील बेंजामिन फुलॉइस हे १९१० मध्ये टेक्सासमध्ये राइट बंधूंच्या विमानावर सराव करीत असता एका हिसक्यासरशी बाहेर फेकले जाता जाता बचावले, आणि त्यांनी खोगीर शिवणाऱ्या कारागिराकडून चामड्याचा पट्टा करवून घेतला. पट्टा नसला तर काय होते हे १ जुलै १९१२ रोजी बोस्टनजवळ दिसले: प्रसिद्ध वैमानिक हॅरिएट क्विंबी आणि त्यांचा सहप्रवासी दोघेही विमानातून उसळून खाली पडले व मरण पावले. त्या काळी पट्ट्याकडून एवढीच अपेक्षा होती, आणि आजही प्रवासी विमानातील कमरपट्ट्याचे नित्याचे काम तेच आहे: हवेच्या खळग्यात विमान एकदम खाली दबले तर प्रवाशाचे डोके छताला लागू नये.

पट्टाच माणसाला जखमी करू शकतो हे ज्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले, त्या ह्यू डीहेवन यांचे या शास्त्रावर मोठे ऋण आहे. १९१७ मध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत असताना हवेत दोन विमानांची टक्कर होऊन ते कोसळले. ते वाचले, पण पोटातील अवयव फाटले, आणि त्यांच्या मते ती इजा जमिनीने केलेली नसून पट्ट्याच्या बोजड बकलाने केलेली होती. पुढे त्यांनी उंचावरून पडूनही वाचलेल्या लोकांचा अभ्यास केला, १९४२ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि कॉर्नेल विद्यापीठात अपघातातील इजांच्या संशोधनाचा पाया घातला. जोर शरीरावर कोठे पडतो आणि किती जागेत विभागला जातो, यावर जीवन-मरण ठरते, हा त्यांच्या कामाचा गाभा.

शरीरात हा जोर घेण्यास समर्थ जागा थोड्याच आहेत. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी श्रोणीची हाडे ही त्यांतली पहिली. त्यानंतर खांदे आणि छातीचा पिंजरा. याउलट नाभीच्या वरचे मऊ पोट, ज्यात आतडी आहेत, तेथे हाडाचे संरक्षण नाही. कमरपट्टा मांडीच्या सांध्यालगत, हाडाच्या कडेखाली बसला तर हाड पट्ट्यात अडकते. चार बोटे वर सरकला तर तोच पट्टा पोट कापू पाहतो.

परंतु कमरपट्टा एकटाच असला आणि नीट बसलेला असला, तरी कमरेच्या वरचे धड मोकळे राहते. धक्क्यासरशी ते कमरेतून दुमडून पुढे झेपावते आणि डोके मोठ्या वर्तुळात फिरून समोर जे असेल त्यावर आदळते. मोठ्या प्रवासी विमानात समोर असते ते दुसऱ्या आसनाच्या पाठीचे अस्तर, आणि अगोदर सूचना मिळाली असेल तर प्रवासी आधीच ओणवा होऊन डोके त्यावर टेकवू शकतो. जेथे समोर आसन नसून भिंत असते, तेथे काही विमानांत पट्ट्यातच हवेची पिशवी बसवितात. शिवाय शेकडो प्रवाशांना सहज बांधता-सोडता येईल असाच पट्टा तेथे चालतो. हवाई सुंदरीने मात्र धक्क्यानंतर शुद्धीवर राहून दार उघडावयाचे असते आणि वैमानिकाने शेवटच्या क्षणापर्यंत विमान सांभाळावयाचे असते. म्हणून त्यांना खांद्याचे पट्टे. लहान विमानात तर समोर मऊ काहीच नसते. घड्याळांची पाटी हाताच्या अंतरावर, तिच्यातून बाहेर आलेल्या मुठी, आणि छातीसमोर सुकाणूचा दांडा. १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्या लहान विमानांच्या प्रत्येक आसनाला खांद्याचा पट्टा असलाच पाहिजे, असा अमेरिकेचा हुकूम याच कारणाने निघाला. घरच्या विमानाबाबत या मुद्द्यावर तडजोडीला जागा नाही: खांद्याला पट्टा नसलेले आसन त्यात बसवूच नये.

खुंटा कोठे रोवावा

कमरपट्ट्याचा खुंटा आसनाच्या फार मागे असला, तर पट्टा जवळजवळ आडवा येतो. धक्क्यात तो हाडावरून वर घसरतो, आणि माणूस पट्ट्याखालून पाय पुढे करून निसटू लागतो. खुंटा आसनाच्या अगदी खाली असला, तर पट्टा उभा राहतो, आणि तो तिरपा होऊन ताठ होईपर्यंत माणूस पुष्कळ पुढे गेलेला असतो. या दोहोंच्या मध्ये, विमानाच्या लांबीशी ४५ ते ५५ अंशांचा कोन करून पट्टा खाली-मागे जावा, अशी शिफारस अमेरिकी विमान खात्याच्या मार्गदर्शिकेत आहे. हा कोन कागदावर काढून भागत नाही. विमानात गादी घालून, प्रत्यक्ष बसणाऱ्या माणसाला बसवून, कमरेच्या हाडापासून दोरी ताणून तो मोजावा. कारण गादी तीन बोटे जाड झाली की माणूस वर येतो आणि कोन बदलतो. फार मऊ गादीचा आणखी एक दोष असा की, धक्क्यात ती दबते, माणूस खाली जातो, आणि आवळलेला पट्टा क्षणात ढिला होतो.

खांद्याच्या पट्ट्याचा खुंटा हा तर सर्वांत अधिक चुकणारा मामला आहे. माणसाच्या खांद्यापासून पट्टा मागे जवळजवळ आडवा किंवा किंचित वर चढत जावा. आडव्यापासून वर तीस अंशांपर्यंतचा चढ मान्य, पण खांद्याखाली उतार पाच अंशांहून अधिक नको. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. समजा, बांधणाऱ्याने सोयीसाठी खुंटा आसनामागे जमिनीवर रोवला आणि पट्टा खांद्यावरून वळवून खाली नेला. धक्का बसताच माणसाचे धड पुढे जाऊ लागते, पट्टा ताठ होतो, आणि त्याचा ताण छातीला मागे ओढतो तसाच खांद्यावरून सरळ खाली दाबतो. म्हणजे ज्या क्षणी शेकडो किलोंचा जोर पट्ट्यात आहे, त्या क्षणी तो जोर पाठीच्या कण्याला वरून चेपतो. विमान खाली आपटत असताना कणा आधीच खालून दाबला जात असतो. त्यात ही भर पडली की मणके चुरगळण्यास वेळ लागत नाही. खुंटा फार वर असला तर दुसरा दोष: पट्टा बकलाला वर खेचतो आणि कमरपट्टा हाडावरून पोटावर आणतो.

आता ज्या जागी हा खुंटा हवा, नेमकी त्याच जागी हलक्या विमानात बहुधा काही नसते. नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेल्या विमानात खांद्यामागे पोकळी असते आणि पहिला भक्कम सांधा शेपटीकडे दीड-दोन मीटर दूर असतो. अशा वेळी आसनाच्या पाठीला पट्टा जोडण्याचा मोह होतो. पण ते आसन, त्याच्या बिजागऱ्या आणि जमिनीतील खिळे माणसाचा संपूर्ण भार पेलतील अशी खातरजमा झाल्यावाचून तसे करणे म्हणजे माणूस व आसन दोघांनाही मोकळे सोडणे होय. नळीच्या मध्यावर पट्टा गुंडाळणेही बरे नव्हे, कारण नळी वाकते. जेथे तीन-चार नळ्या एकत्र वेल्ड झालेल्या असतात तो सांधाच खुंट्याला योग्य. लाकडी विमानात प्लायवुडच्या एका पातळ तुकड्यातून बोल्ट न काढता दोन्ही बाजूंना जाड ठिगळ व रुंद धातूची चकती देऊन भार मोठ्या क्षेत्रावर पसरवावा लागतो. काचतंतू व राळ यांच्या कवचात तर ही तजवीज कवच घालतानाच करावी लागते. मागाहून छिद्र पाडून बोल्ट बसविला तर तो कवच फाडून बाहेर येतो. पट्ट्याचे टोक ज्या लोखंडी पट्टीला जोडलेले असते ती ताणाच्या दिशेकडे वळती असावी, म्हणजे बोल्टावर आडवा छेदणारा जोर येईल आणि तो वाकणार नाही. आणि पट्टा कोठेही धारदार कडेवरून वळता कामा नये, कारण ताणलेले कापड कडेवर सुरीने कापावे तसे कापले जाते.

आपल्याकडे हलवून खुंटा बळकट करण्याची म्हण आहे. विमानाच्या खुंट्याला तो न्याय शब्दशः लावावा. नमुन्याचा एक जोड वेगळा तयार करून, त्यावर हिशेबाने येणारा भार वजने टांगून चढवावा आणि तो कोठे वाकतो, कोठे तडकतो हे विमानात बसण्यापूर्वी पाहावे.

कापड, शिवण आणि ताण

कोराडीच्या विद्युत केंद्रात, जेथे ६६० मेगावॉटचे तीन संच चालतात, उंचावर काम करणारा कामगार अंगात जो पट्टा घालतो त्याकडे विमान बांधणाऱ्याने एकवार बारकाईने पाहावे. पूर्वी अशा कामासाठी नुसता कमरपट्टा असे. पडलेला माणूस त्याला लटकला की सारा झटका पोटावर आणि कमरेवर येई. आता खांदे, छाती आणि मांड्या वेढणारा पट्ट्यांचा संच वापरतात, आणि त्याला जोडलेल्या दोरीत एक लहान गाठोडे असते. त्या गाठोड्यात पट्टा घडी घालून शिवलेला असतो. माणूस पडला की शिवण एकामागून एक उसवत जाते, आणि त्या उसवण्यात पडण्याची ऊर्जा खर्च होऊन झटका सौम्य होतो. भारतीय मानक आय. एस. ३५२१ या साहित्यासाठीच आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात: जोर हाडांवर व मांड्यांवर वाटून द्यावा, आणि पट्टा थोडा ‘द्यावा’, पण मोजून द्यावा.

विमानात मात्र देण्याला जागा फार थोडी. पट्टा लांबला तितके डोके पाटीच्या जवळ जाते. विणलेला पट्टा ताणाखाली आपल्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या मीटरचा पट्टा दहा टक्के लांबला तर पाच सेंटिमीटर, आणि शेपटीपर्यंत नेलेला दोन मीटरचा पट्टा तितक्याच टक्क्यांनी वाढला तर वीस सेंटिमीटर. हा फरक डोके वाचण्या-फुटण्याचा आहे. म्हणून दूरच्या खुंट्यापर्यंत पोहोचावयाचे असेल तर मागचा भाग पोलादी दोराचा करावा आणि अंगालगतचाच भाग पट्ट्याचा ठेवावा. धाग्यांमध्येही भेद आहे: नायलॉन अधिक ताणले जाते, ओलावा धरते आणि उन्हाने लवकर कमजोर होते, पॉलिएस्टर कमी ताणले जाते व ऊन अधिक सोसते. नागपूरच्या उन्हाळ्यात काचेच्या छताखाली उभे असलेले विमान भट्टीसारखे तापते, आणि पट्ट्याचा उडालेला रंग हा धाग्याच्या झिजेचा पुरावा समजावा. अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या नियमांत असे पट्टे दोन वर्षांनी बदलावे लागतात, ते याच कारणाने. पट्टा घरी शिवू नये. शिवणीचा नमुना, दोऱ्याची जात आणि टाक्यांची संख्या यांवर निम्मी ताकद अवलंबून असते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

> चौकट: किती पट्टे?
> कमरेचे दोन तुकडे आणि एका खांद्यावरून तिरपा येणारा एक, हा तीन टोकांचा पट्टा. स्वीडनचे अभियंता नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये मोटारीसाठी त्याला रूप दिले. तत्पूर्वी ते लढाऊ विमानांची बाहेर फेकली जाणारी आसने घडवीत असत. सरळ उडणाऱ्या, शेजारी शेजारी बसण्याच्या विमानाला तो पुरतो, पण बाजूने धक्का बसला तर मोकळा खांदा त्यातून निसटू शकतो. दोन्ही खांद्यांचा, चार टोकांचा पट्टा धड समतोल धरतो. मात्र खांदे आवळले की बकल वर चढते. ते खाली धरून ठेवण्यासाठी मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा, आणि तोच दोन फाट्यांचा केला म्हणजे सहावा. उलटे उडून कसरती करणाऱ्या विमानाला पाच किंवा सहा टोकांवाचून चालत नाही. त्यात कमरेला दुसरा, स्वतंत्र पट्टाही घेतात, म्हणजे एक चुकून सुटला तरी माणूस विमानातच राहतो.

मोटारीतला आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा अनेकांना आकर्षक वाटतो, कारण तो बांधूनही हात पुढे नेता येतो. त्याच्या डबीत बहुधा एक लहान गोळी असते. मोटार जोरात थांबली किंवा कलली की ती जागची हलून चक्राचे दात अडवते. म्हणजे डबी कोणत्या कलाने बसवावयाची हे निर्मात्याने ठरविलेले असते, आणि विमानात आसनामागे मिळेल त्या कोनात ती बसविली तर ती एक तर सदोदित अडून राहते किंवा वेळेवर अडत नाही. त्यातून हवेच्या हिसक्यात माणूस वर उसळला तर सैल कमरपट्टा त्याला धरीत नाही. गुंडाळणारी डबी हवीच असेल तर विमानासाठी बनविलेली घ्यावी, ती केवळ खांद्यांसाठी वापरावी, आणि कमरपट्टा हाताने आवळण्याचाच ठेवावा.

बकल: बांधण्याइतकेच सोडणे

विदर्भाच्या काळ्या जमिनीत, पावसानंतर, नांगरटीवर किंवा कपाशीच्या शेतात उतरलेल्या हलक्या विमानाचे पुढचे चाक रुतते आणि विमान नाकावरून उलटून पाठीवर पडते, हा प्रसंग बांधणाऱ्याने डोळ्यांसमोर आणावा. माणूस आता पट्ट्यांना उलटा टांगलेला आहे, त्याचे सारे वजन बकलावर आहे, कदाचित पेट्रोल गळते आहे. अशा स्थितीत एका हाताने, एकाच हालचालीत, न पाहता सर्व पट्टे सुटले पाहिजेत. जे बकल भाराखाली अडते ते कामाचे नाही. वर उचलावयाच्या तरफेचे साधे बकल, फिरवून सोडावयाचे गोल बकल आणि मोटारीतले दाबण्याचे बकल या तिन्ही जातींचे भक्त आहेत; मला फिरविण्याचे गोल बकल अधिक पसंत आहे, कारण पाच टोके असली तरी ती एकाच फिरकीत सुटतात आणि बाहीला किंवा सुकाणूच्या दांड्याला अडकून ते चुकून उघडण्याचा संभव कमी असतो. हवाई छत्री बांधून उडणाऱ्याने मात्र छत्रीच्या पट्ट्यांची बकले आसनाच्या बकलापेक्षा हाताला वेगळी लागतील अशीच घ्यावीत. घाईत चुकीचे बकल सोडणे जिवावर बेतते.

सवयीचा भाग याहून मोठा. विमान जमिनीवर असताना डोळे बांधून पट्टे सोडण्याचा सराव करावा, आणि उलटे टांगलेले असताना बकल सोडण्यापूर्वी एक हात छताला टेकून भार घ्यावा हे मनात बिंबवावे, नाही तर अपघातातून वाचलेला माणूस स्वतःच्या वजनाने मानेवर पडतो. शेजारी बसणाऱ्या प्रवाशाला, मग तो वैमानिकाचा मुलगा असो वा शेजारी, उड्डाणापूर्वी बकल स्वतःच्या हाताने तीनदा उघडायला लावावे; नुसते सांगून ते हाताच्या अंगवळणी पडत नाही.

धक्क्यानंतर

पट्टा एकदा मोठ्या धक्क्यात ताणला गेला की त्याची ‘देण्याची’ शक्ती खर्च झालेली असते. दिसावयास तो धड असला, तरी तो काढून टाकावा. त्याबरोबरच खुंट्याचे बोल्ट सोडून प्रत्येक भोक तपासावे लागते. गोल भोक ताणाच्या दिशेला किंचित लांबट झालेले आढळले, बोल्टाच्या अंगावर चकाकती खूण दिसली, किंवा वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी रेघ उमटली, तर त्या जागेने आपला भार एकदा उचललेला आहे असे समजून ती पट्टी व तो सांधा नव्याने करावा, आणि विमानाच्या नोंदवहीत तारखेसह तसे लिहून ठेवावे.